मॅकवर विंडोजचे खेळ: एका फोटोग्राफरचा चातुर्मास

आषाढी एकादशी झाली की माझा कॅमेरा बॅगेत जातो. मी अकोल्यात लग्नाचे फोटो काढतो. तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, त्यामुळे ते चार महिने वाढदिवस, डोहाळजेवणं आणि लोकांनी दोन-दोनदा आठवण करून दिलेले अल्बम, एवढंच काम. याच चार महिन्यांत दर रविवारी रात्री आम्ही चौघं एज ऑफ एम्पायर्स २ खेळतो. २००४ साली अमरावतीच्या हॉस्टेलवर खिडकीतून लॅनची केबल ओढून सुरू झालेला हा उद्योग आता अकोला, नागपूर, पुणे आणि डब्लिन असा चालतो.

तिघांकडे विंडोज आहे. माझ्या जुन्या लॅपटॉपची बिजागरी तुटली आणि अल्बमच्या कामासाठी मी मॅकबुक एअर घेतला: एम२ चिप, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी डिस्क. कामाला यंत्र झकास. पण आम्ही खेळतो ती २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन मॅकसाठी निघालेलीच नाही. म्हणून मॅकच्या आत व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला नकली कॉम्प्युटर, करून त्यात विंडोज बसवायचं आणि खेळ चालवायचा, असं ठरवलं. सगळं बसवलं, सगळ्या सेटिंग 'हाय'वर ठेवल्या आणि पहिल्याच रविवारी विसाव्या मिनिटाला हेडफोनमध्ये नागपूरकर ओरडला, "काहून बे, सारे गोगलगायीवानी काहून चालून राह्यले?"

चूक माझी होती. हा खेळ सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर एकाच तालात पुढे सरकतो. चारातला एक कॉम्प्युटर मागे पडला की बाकी तिघांना त्याच्यासाठी थांबावं लागतं. म्हणजे माझ्या मॅकचा दम लागला की डब्लिनमधले हत्तीसुद्धा लंगडायचे. पुढचे दोन महिने मी तो मॅक जसा सुधारत गेलो, तेच इथे लिहितोय. तुमचा खेळ दुसरा असेल, पण अडचणी बहुतेक याच येतील.

पैसे भरण्याआधी

डावीकडच्या सफरचंदावर टिचकी मारून 'अबाउट धिस मॅक' उघडा. तिथे इंटेल लिहिलं असेल तर तुमची वाट वेगळी. त्या मॅकवर ॲपलच्याच बूट कॅम्पने विंडोज थेट डिस्कवर बसतं आणि खेळाला पूर्ण यंत्र मिळतं. खेळण्यासाठी ते व्हर्च्युअल मशीनपेक्षा सरस. फक्त बूट कॅम्प अधिकृतपणे विंडोज १० पर्यंतच जातं आणि त्या विंडोजचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे लक्षात ठेवा.

एम१, एम२ असं काही लिहिलं असेल तर बूट कॅम्प नाहीच. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलने स्वतःच्या चिपचे मॅक आणले तेव्हाच तो रस्ता बंद झाला. या चिप एआरएम जातीच्या, त्यामुळे आत विंडोजही एआरएमचंच लागतं. ते अगदी सुरळीत चालतं. पण तुमचा खेळ लिहिलाय इंटेल जातीच्या चिपसाठी. म्हणजे खेळाचं बोलणं आधी विंडोज भाषांतरित करून चिपला सांगतं (विंडोज ११ च्या २४एच२ पासून या दुभाष्याचं नाव प्रिझम). आणि खेळ पडद्यावर चित्र काढायला डायरेक्टएक्स नावाची जी भाषा बोलतो, ती व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर ॲपलच्या मेटल या चित्रभाषेत बदलतं. आदिलाबादकडची तेलुगू मंडळी आणि मूर्तिजापूरचं वऱ्हाड, मध्ये एका पाठोपाठ एक दोन दुभाषे, अशा एका लग्नात मी फोटो काढले आहेत. बोलणी झाली, लग्नही लागलं. फक्त जेवायला साडेचार वाजले.

म्हणून सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं हे नंतर. आधी आपला खेळ तपासा.

स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात त्या खेळाच्या पानावर खाली 'सिस्टिम रिक्वायरमेंट्स' असतात. तिथे डायरेक्टएक्सचा आकडा बघा. ९, १० किंवा ११ असेल तर आशा आहे. १२ हवंच असेल तर व्हर्च्युअल मशीनचा नाद सोडा. पॅरलल्स काय, फ्यूजन काय (व्हर्च्युअल मशीनची ही दोन सॉफ्टवेअर, त्यांच्याबद्दल पुढे), दोन्ही ११ च्या पुढे जात नाहीत. मग अँटी-चीट, म्हणजे खेळातली लबाडी पकडणारा प्रोग्राम. विंडोजच्या गाभ्यात शिरून पहारा देणारं अँटी-चीट असलेले ऑनलाइन खेळ व्हर्च्युअल मशीन दिसलं की दार लावतात. व्हॅलोरंट हे ठळक उदाहरण. त्यावर जुगाड शोधत बसू नका. जुगाड चालला तरी अकाउंटवर बंदी यायची भीती असतेच. स्टीमच्या पानावर आता अशा अँटी-चीटची वेगळी सूचना असते. तिसरं, काही नवे खेळ एव्हीएक्स नावाची सोय असलेला प्रोसेसर मागतात. जुन्या एआरएम विंडोजचा दुभाषा ती बोली जाणतच नव्हता, म्हणून विंडोज अद्ययावत ठेवणं भाग आहे.

आणखी एक गंमत. तुमचा खेळ जुना असेल आणि त्याची मॅक आवृत्ती होती असं तुम्हाला आठवत असेल, तर ती ३२ बिटची होती का बघा. २०१९ च्या कॅटलिनापासून मॅकने ३२ बिटचे प्रोग्राम चालवणं सोडलं आणि मॅकसाठी विकत घेतलेले कित्येक खेळ एका अपडेटमध्ये गेले. त्याच खेळांची विंडोज आवृत्ती मात्र व्हर्च्युअल मशीनमध्ये मजेत चालते. व्हर्च्युअल मशीनची खरी मजा अशा जुन्या खेळांतच आहे, असं माझं प्रामाणिक मत. कालपरवा आलेल्या धडाकेबाज खेळासाठी हा खटाटोप करू नये.

कोणतं सॉफ्टवेअर

यूटीएम फुकट आहे, सुटसुटीत आहे, पण त्यातल्या विंडोजला त्रिमिती चित्रांसाठी ग्राफिक्सची कामाची मदत मिळत नाही. पत्त्यांचे खेळ खेळायचे असतील तर ठीक. व्हीएमवेअर फ्यूजन २०२४ च्या मे महिन्यात घरगुती वापरासाठी फुकट झालं आणि नोव्हेंबरात सगळ्यांसाठीच. डायरेक्टएक्स ११ त्यात आहे. खिशाला चाट लावायची नसेल तर सुरुवात इथूनच करा. पॅरलल्स डेस्कटॉपला पैसे पडतात, पण १४ दिवस ते फुकट वापरून बघता येतं. मी पॅरलल्सवर थांबलो. एक तर विंडोज उतरवण्यापासून सगळं ते स्वतः करतं. दुसरं म्हणजे माऊसची एक सेटिंग, तिच्याबद्दल पुढे सांगतो. त्याच्या साध्या आवृत्तीत व्हर्च्युअल मशीनला जास्तीत जास्त ८ जीबी रॅम आणि ४ कोअर देता येतात. महागड्या प्रो आवृत्तीत मर्यादा बरीच वर आहे, पण आपल्याला ती लागणार नाही.

क्रॉसओव्हर नावाचा वेगळा प्रकारही आहे. त्यात विंडोज नसतंच. १९९३ पासून चालू असलेल्या वाईन या प्रकल्पावर ते उभं आहे आणि खेळाला फक्त विंडोजचा भास करून देतं. विंडोजचे पैसे वाचतात, रॅम वाचते आणि डायरेक्टएक्स १२ चे काही खेळही त्यात चालतात. तुम्हाला फक्त खेळायचंच असेल तर आधी त्याची चाचणी आवृत्ती घालून बघा. मला विंडोज तसंही हवं होतं, कारण माझ्या अल्बम छापणाऱ्या लॅबचं ऑर्डरचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही.

आणि हो, सॉफ्टवेअरचे पैसे आणि विंडोजच्या लायसन्सचे पैसे यांची बेरीज करून एकदा जुन्या विंडोज लॅपटॉपची किंमत विचारा. मला लॅबचं कारण नसतं तर मी तेच केलं असतं.

बसवणं

हा भाग सोपा आहे, पटकन उरकतो. डिस्कवर किमान ८० ते १०० जीबी मोकळी करा. विंडोज ११ स्वतःच ६४ जीबीची डिस्क मागतं, वर खेळ वेगळा. पॅरलल्स उघडलं की ते मायक्रोसॉफ्टकडून विंडोज ११ उतरवायचं का विचारतं. हो म्हणा. चहा ठेवा. फ्यूजन वापरणार असाल तर विंडोज बसवायची आयएसओ फाइल मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या. एआरएमची अधिकृत फाइल २०२४ च्या नोव्हेंबरपासून तिथे मिळते. टीपीएम नावाची जी सुरक्षा-चिप विंडोज ११ मागतं, तिची नक्कल दोन्ही सॉफ्टवेअर पुरवतात.

मध्येच पॅरलल्स विचारेल, विंडोज कशासाठी वापरणार? त्यात 'गेम्स ओन्ली' असा पर्याय आहे, तो निवडा. विंडोज सुरू झालं की पॅरलल्स टूल्स बसू द्या, रिस्टार्ट करा आणि विंडोज अपडेट पूर्ण होईपर्यंत खेळाचं नाव काढू नका. अपडेट मागे चालू असताना खेळलात तर दोष भलत्याच सेटिंगला द्याल. मी दिला होता.

लायसन्सबद्दल माझा एक शहाणपणा ऐका. एका ऑनलाइन दुकानात विंडोजची की पाचशे रुपयांत मिळाली. लागू झाली, मी खूश. तीन महिन्यांनी कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' पुन्हा उगवलं, आणि दुकानाचा नंबर बंद. मायक्रोसॉफ्टकडून घ्या किंवा ओळखीच्या अधिकृत विक्रेत्याकडून पक्कं बिल घेऊन घ्या. ॲक्टिव्हेट न करताही विंडोज सुरू होतं, त्यामुळे आधी खेळ चालतो का बघा आणि मग की विकत घ्या.

खेळाचंही तसंच. स्टीमवर विकत घेतलेला खेळ १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. दोन तासांचं घड्याळ डोक्यात ठेवून चाचणी करा. विंडोजच्या आत स्टीम बसवायचं, मॅकच्या स्टीममध्ये नाही. हे सांगायची गरज वाटत नाही, पण पुण्यातल्या आमच्या मित्राच्या मेव्हण्याने मॅकच्या स्टीममध्ये अर्धा तास बटण शोधलं होतं.

विंडोजला किती द्यायचं

इथेच माझी गोगलगाय झाली होती. मला वाटलं, खेळ विंडोजमध्ये चालतो, तर सगळं विंडोजला देऊन टाकू. माझ्याकडे तेव्हा प्रो आवृत्तीची चाचणी चालू होती. १६ पैकी १२ जीबी रॅम दिली, आठही कोअर दिले.

आता विचार करा. खेळ सांगतो विंडोजला, पण चित्र शेवटी काढतो मॅक. मेटलचं सगळं काम विंडोजच्या बाहेर, मॅकच्या बाजूला होतं. या चिपमध्ये ग्राफिक्सची रॅम वेगळी नसते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच १६ जीबीतून खातात. मी १२ जीबी आत कोंडल्यावर चित्र काढणाऱ्याला उरली चार, त्यातही मॅकची स्वतःची कामं. मग मॅक डिस्कवर ढकलाढकली करू लागला. नवरदेवाच्या पाहुण्यांना सगळ्या खोल्या देऊन टाकल्या आणि आचाऱ्याला स्वयंपाकाला जागाच ठेवली नाही, तसला प्रकार.

व्हर्च्युअल मशीन पूर्ण बंद करा, 'कॉन्फिगर'मध्ये 'हार्डवेअर', त्यात 'सीपीयू अँड मेमरी'. १६ जीबीच्या मॅकवर ८ जीबी आणि ४ कोअर. मी ६ जीबीवरही खेळून पाहिलं, या खेळाला फरक पडला नाही. एम२ मध्ये आठपैकी चारच कोअर तगडे आहेत, चार बारीक कामांसाठी. त्यामुळे आठ देऊन काही आठपट मिळत नाही. तुमचा मॅक ८ जीबीचा असेल तर ४ द्या, मॅकवरचं ब्राउझर पूर्ण बंद करा आणि फक्त जुन्या खेळांची अपेक्षा ठेवा.

दुसरी गोष्ट ठिपक्यांची, आणि इथे माझा धंदा कामी आला. माझ्या एअरच्या पडद्यावर कॅमेऱ्याच्या खाचेची पट्टी सोडली तर २५६० × १६०० ठिपके उरतात. म्हणजे जवळपास ४१ लाख ठिपके, दर सेकंदाला कित्येकदा रंगवायचे, तेही दुभाष्यामार्फत. १२८० × ८०० केलं की बरोब्बर एक चतुर्थांश काम उरतं. पॅरलल्समध्ये 'ग्राफिक्स'खाली 'बेस्ट फॉर रेटिना डिस्प्ले'ऐवजी 'स्केल्ड' निवडा आणि खेळाच्या आतही रिझोल्यूशन उतरवा. फोटोग्राफर म्हणून मला आधी ते बघवेना. पण तेरा इंचाच्या पडद्यावर घोडेस्वार एवढे इवलेसे असतात की दहा मिनिटांत डोळा सरावतो. स्टीमवर या खेळाचं जास्त बारकाव्यांच्या चित्रांचं मोफत पॅक मिळतं, ते उतरवू नका. सावल्या बंद, पाण्याचे नखरे बंद.

या खेळात एक बेंचमार्क चाचणी आहे आणि रँक असलेल्या सामन्यात उतरायचं तर तिच्यात हजार गुण लागतात. बारा जीबी आणि आठ कोअरच्या माझ्या थाटामाटात मला हजार गाठता आले नव्हते. आठ जीबी, चार कोअर, कमी ठिपके एवढ्यावर सहज ओलांडले. तुमच्या खेळात अशी चाचणी असेल तर एका वेळी एकच सेटिंग बदला आणि आकडा कागदावर लिहा.

माऊस आणि कळा

ट्रॅकपॅडवर हा खेळ खेळणं म्हणजे पाटावर बसून क्रिकेट. दोन बटणांचा साधा माऊस घ्या.

एज ऑफ एम्पायर्समध्ये माऊस पडद्याच्या कडेला नेला की नकाशा सरकतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये नेमकं त्याच क्षणी माऊस विंडोजच्या बाहेर मॅकवर उडी मारतो, खालून डॉक वर येतो, कोपऱ्यात गेलं तर स्क्रीनसेव्हर सुरू. तोवर तुमच्या लाकूडतोड्यांची कत्तल. मघाशी म्हटलेली सेटिंग इथली: 'हार्डवेअर'मधल्या 'माऊस अँड कीबोर्ड'मध्ये माऊससाठी 'ऑप्टिमाइज फॉर गेम्स' निवडा. मग माऊस आत अडकून राहतो आणि कंट्रोल-ऑप्शन एकत्र दाबल्यावरच सुटतो. मॅकच्या सेटिंगमध्ये 'हॉट कॉर्नर्स' शोधून तेही बंद करा. खेळ नेहमी पूर्ण पडद्यावर चालवा.

एफ-कळा मॅकवर उजेड-आवाजाला जुंपलेल्या असतात. एफ३ ने खेळ थांबतो, एफ१० ने मेनू येतो, एफ११ ने वेळ दिसते; मॅकवर मात्र साध्या एफ११ ने आवाज कमी होतो. मॅकच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'फंक्शन कीज'खाली त्यांना साध्या कळा करायचा पर्याय आहे, तो चालू करा. मग एफ११ ने मॅकचा डेस्कटॉप उघडा पडत असेल तर तो शॉर्टकटही तिथेच बंद करा. आणि मॅकच्या कीबोर्डवर 'डिलीट' लिहिलेली कळ प्रत्यक्षात बॅकस्पेस आहे. खेळातलं स्वतःचंच घर पाडायला किंवा भिंतीत भोक पाडायला खरी डिलीट लागते, ती म्हणजे एफएन आणि डिलीट एकत्र. वेढा पडलेला असताना हे आठवत नाही, म्हणून मी खेळाच्या हॉटकीमध्ये ते काम दुसऱ्या कळीवर नेऊन ठेवलं.

तापणं

माझ्या एअरला पंखा नाही. पहिली पंधरा-वीस मिनिटं तो सशासारखा पळतो, मग अंग तापलं की आपणहून वेग कमी करतो. नागपूरकर ओरडला तोही विसाव्या मिनिटालाच. पंखा असलेल्या मॅकबुक प्रोवर हा त्रास खूपच कमी. एअरवाल्यांनी खेळातच 'व्ही-सिंक' (पडद्याला झेपतील तेवढ्याच फ्रेम काढणं) चालू करावं किंवा दर सेकंदाच्या फ्रेमना मर्यादा घालावी. मोकळा सोडला तर खेळ मेनूतसुद्धा यंत्र तापवत बसतो. चार्जर लावून ठेवा, मॅकचा 'लो पॉवर मोड' बंद आहे ना बघा. लॅपटॉप गादीवर नको. मी बायकोची केक गार करायची जाळी पळवली आहे. तिच्यावर लॅपटॉप, बाजूला टेबलफॅन.

मॅक लॅपटॉप १० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा, असं ॲपल स्वतःच सांगतं. अकोल्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा हा आकडा वाचून हसू येतं. उन्हाळ्यात खेळायचंच तर पहाटे. आणि राजेहो, लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका. ती हवा गार असते तशी ओलीही असते.

आवरासावर

सगळं मनासारखं जमलं की व्हर्च्युअल मशीनचा एक 'स्नॅपशॉट' घेऊन ठेवा. पुढे एखाद्या अपडेटने बिघडलं तर तिथे परतता येतं. पण दर आठवड्याला नवा घेत बसलात तर डिस्क फुगते. मी एकच ठेवतो. मॅकचं बॅकअप घेणारं टाइम मशीन वापरत असाल तर पॅरलल्सच्या 'बॅकअप'मध्ये जाऊन या मशीनला त्यातून वगळा, नाहीतर ती भलीमोठी फाइल पुन्हापुन्हा बॅकअपमध्ये जाते. खेळाची प्रगती स्टीमच्या क्लाउडवर जाते का ते मात्र खेळागणिक तपासा.

जुने लॅनवरचे खेळ घरातल्या घरात खेळायचे असतील तर नेटवर्कची सेटिंग 'शेअर्ड'वरून 'ब्रिज्ड' करा, म्हणजे विंडोजला घराच्या वायफायवर स्वतःचा पत्ता मिळतो. ऑनलाइन खेळाला 'शेअर्ड' पुरतं.

तुळशीचं लग्न जवळ आलं की मला डिस्कवर जागा लागते. एका लग्नाचे फोटोच शंभर-दीडशे जीबी होतात. तेव्हा मी अख्खं व्हर्च्युअल मशीन बाहेरच्या एसएसडीवर हलवतो. हलवण्याआधी विंडोज 'शट डाउन' करा, 'सस्पेंड' नाही. सस्पेंडमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर साठवलेलं असतं, अर्धवट अवस्थेतली फाइल उचलून नेण्यात अर्थ नाही. कॉपी झाली की एसएसडीवरून एकदा चालू करून पाहा, खेळ उघडतो का बघा, आणि मगच मॅकवरची मूळ फाइल काढा.